तेल पातळ झालं तेव्हा

गॅरेजमध्ये पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, "उस्ताद कुठं आहेत?" गाडीखालून आवाज यायचा, "आले, आले." मग चाकांच्या फळीवरून सरकत एक बाई बाहेर यायची आणि गिऱ्हाइकाचा चेहरा उतरायचा. ती चिंधीला हात पुसत म्हणायची, "मी चालेन, की दुसऱ्या उस्तादाची वाट बघताय?"

दुसरा उस्ताद नव्हताच. वडील होते तोवर ते नाव त्यांचं होतं. ते गेल्यावर गल्लीतल्या लोकांनी चेष्टेनं तिला चिकटवलं, आणि हळूहळू त्यात चेष्टा होती हेच सगळे विसरून गेले. घरात आई आणि धाकटा भाऊ. तिच्या लग्नाचा विषय आईनं काढून काढून शेवटी सोडून दिला होता. धाकटा एका कंपनीत शेतीचे पंप विकायचा आणि सगळा आठवडा रविवारची वाट बघण्यात काढायचा.

रविवारी तो ट्रॅकवर जायचा. गावाबाहेरच्या त्या ट्रॅकवर त्या दिवशी कुणालाही आपली गाडी आणून पळवता यायची. शर्यत नाही, बक्षीस नाही. आपण मागच्या खेपेपेक्षा किती लवकर फेरी मारली, एवढंच. धाकट्यानं त्यासाठी एक जुनी, ठोकलेली टर्बो गाडी आणली होती. हिवाळाभर दोघं भावंडं तिच्यावर राबली. पत्र्याचं काम त्यानं केलं, इंजिन तिनं बांधलं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली होती, काय फुटलं म्हणून. दोघं पोट धरून हसली होती.

टर्बो गाडीचं दुखणं तिला पाठ होतं. रस्त्यावर अशा गाडीला दम खायला मिळतो. सिग्नल असतो, उतार असतो, पुढं बस असते. ट्रॅकवर पाय दाबलेला तो दाबलेलाच. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, लालभडक होतो आणि त्याच्या पोटातून फिरून येणारं तेल ती सगळी आग इंजिनात घेऊन येतं. तेल तापलं की पाण्यासारखं पातळ होतं. पातळ झालं की दाब पडतो. दाब पडला की लोखंड लोखंडाला खायला लागतं.

म्हणून तिनं गाडीच्या नाकाशी तेल थंड करणारा मोठा ऑइल कूलर बसवला होता, त्यावर वारा थेट यावा म्हणून पत्र्याचं तोंड करून दिलं होतं. आणि भावाला नियम घालून दिला होता. तेलाच्या तापमानाचा काटा एकशे वीसला टेकला की एक फेरी सावकाश मारायची. एकशे तीस ओलांडले की ट्रॅक सोडून मुकाट्यानं आत यायचं. आत आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, जरा चालू ठेवायचं; नाहीतर टर्बोत अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. ती स्वतः पिटच्या, म्हणजे गाड्या आत येऊन थांबायच्या जागेच्या, कठड्याशी हातात लाल फळी घेऊन उभी राहायची. फळी उंच धरली की आत यायचं, यात वाद नाही.

तिथं एक दातांचे डॉक्टर यायचे. भाजी आणायची बायकोची छोटी गाडी ते ट्रॅकवर आणायचे आणि सगळ्यांच्या मागून, तोंडभर हसत फिरायचे. धाकट्याच्या गाडीशी येऊन काट्यावर नजर टाकायचे. "उस्ताद, एवढा ताप माझ्या पेशंटला असता तर मी दातांना हात लावला नसता."

"म्हणून तर मी डोळ्यांत तेल घालून उभी असते, डॉक्टर."

"डोळ्यांत नको, इंजिनात घाला. तिथं जास्त गरज दिसतेय."

त्या रविवारी ऊन मी म्हणत होतं. दुपारी धाकटा आत आला तेव्हा तिनं इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून बघितली. तेल बोटावर ठरेना. नाकाशी धरलं तर करपल्याचा वास.

"आजच्यापुरतं बास," ती म्हणाली. "हे तेल मेलंय."

"ताई, आज पहिल्यांदा मोठ्या वळणात गाडी बसलीय. अगं, रुळावर असल्यासारखी. तीनच फेऱ्या."

"तेल बदलते, मग जा."

"ते होईपर्यंत ट्रॅक बंद करतील. तीनच. तू फळी दाखवलीस की आत."

चावी तिच्या खिशात होती. ती तशीच खिशात ठेवून घरी निघून जाता आलं असतं. तिनं चावी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

पहिली फेरी नीट गेली. दुसरीत इंजिनाचा सूर जरा बसल्यासारखा वाटला, आणि तिनं तिथंच फळी वर धरली. गाडी समोरून गेली. जाताना हेल्मेट तिच्याकडं वळलं; तिनं ते स्पष्ट बघितलं. तो आत आला नाही. तिनं दोन्ही हातांनी फळी हलवली, ओरडली. कोण ऐकणार होतं! लांबच्या सरळ रस्त्यावरून बोटाच्या पेरानं दार ठोठावल्यासारखा आवाज ऐकू आला. बेअरिंग गेलं होतं. पुढच्याच क्षणी मोठा धडाका झाला, पांढरा धूर उठला. आतला रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता आणि सगळं उकळतं तेल मोठ्या वळणावर सांडलं होतं.

धाकट्याची गाडी सरळ वाळूत जाऊन रुतली. त्याच्यामागं डॉक्टर होते. त्यांची चाकं तेलावर आली, छोटी गाडी आडवी फिरली आणि चालकाच्या बाजूनं भिंतीवर आदळली.

ती धावत पोचली तोवर लोकांनी त्यांना बाहेर काढून सावलीत ठेवलं होतं. घाई कुणालाच नव्हती, त्यावरूनच ती समजली. धाकटा वाळूत फतकल मारून बसला होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला काही झालं नाही. ताई, मला काहीच झालं नाही."

ट्रॅकच्या मंडळानं चौकशी लावली. आदल्या संध्याकाळी धाकटा गॅरेजमध्ये आला. भिंतीवरच्या पान्यांकडं बघत म्हणाला, "मी त्यांना सांगितलंय की फळी दिसली नाही. तू दाखवलीच नव्हतीस, असं म्हण. एवढ्या गडबडीत चूक होते माणसाची. तुला कोण काय करणार आहे?"

"तू माझ्याकडं बघितलंस."

"ताई, माझ्यावर पोलिसांची केस होईल."

आई दारात येऊन उभी राहिली होती. "तो माणूस काही परत येणार नाही," ती म्हणाली. "हा तरी राहू दे मला."

रात्री जेवताना तिघांच्या ताटांचा तेवढा आवाज होता.

चौकशीच्या खोलीत टेबलापलीकडं तिघं बसले होते. मधल्यानं विचारलं, "फळी दाखवली होती?"

"दाखवली होती. त्यानं बघितली."

"तेल खराब झालंय, हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"होतं."

"चावी कुणाकडं होती?"

"माझ्याकडं."

"मग दिलीत कशाला?"

याचं उत्तर तिनं वाटेत शंभरदा जुळवलं होतं. भावाचा हट्ट, वेळ कमी होता, असलं काहीतरी. तोंडातून निघालं ते वेगळंच. "ते इंजिन मी बांधलंय. त्या दिवशी फार सुंदर वाजत होतं. मलाही अजून ऐकायचं होतं."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मधल्यानं ते लिहून घेतलं.

ट्रॅक दोघांनाही कायमचा बंद झाला. पोलिसांची केस झाली, वर्षभर रेंगाळली आणि धाकटा शिक्षेवाचून सुटला. पण नोकरी गेली होती. सुटल्यावर बॅग भरून तो दुसऱ्या शहरात निघून गेला. जाताना आईच्या पाया पडला. बहीण गॅरेजच्या दारात उभी होती, तिच्या बाजूनं न बघता गेला. आई त्यानंतर उस्तादशी बोलायची ते कामापुरतं. भाजी काय करू, गॅस संपलाय, लाइटवाला आला होता.

एक दिवस डॉक्टरांच्या पत्नी गॅरेजमध्ये आल्या. उस्तादनं त्यांना याआधी लांबूनच बघितलं होतं. तिनं स्टूल पुसून पुढं केलं. त्या बसल्या नाहीत.

"तुम्हीच उस्ताद ना? हे तुमच्याबद्दल घरी सांगायचे. हसून हसून सांगायचे." मग थांबून म्हणाल्या, "एकच विचारायचंय. त्यांना कळलं असेल का? सगळे म्हणतात, काही कळायच्या आत झालं."

काही कळलं नसेल, असं तिला म्हणून टाकता आलं असतं. "तेलाच्या अलीकडं ब्रेकच्या खुणा होत्या," ती म्हणाली. "त्यांनी धूर बघितला होता. गाडी थांबवायची धडपड केली होती."

"म्हणजे कळलं होतं."

"हो."

बाईंचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी दाराची चौकट धरली, आणि उस्ताद पुढं झाली तशी हातानंच तिला थांबवलं. नंतर निघून गेल्या. आपण त्यांचं भलं केलं की उरलासुरला आधारही काढून घेतला, हे उस्तादला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. गल्लीच्या टोकाला त्या दिसेनाशा झाल्या तरी ती तिथंच उभी होती.

गॅरेज चालू आहे. टेम्पो येतात, शाळेच्या गाड्या येतात. ट्रॅकची गाडी घेऊन कुणी आलं तर ती सांगते, आमच्याकडं ते काम होत नाही.

धाकट्याचा फोन आईला येतो. आई तो घेऊन अंगणात जाते आणि दार ओढून घेते. परवा मात्र गेली नाही. बोलता बोलता तिनं फोन एकदम लेकीपुढं धरला. उस्तादचे हात ग्रीसनं माखलेले होते. तिनं मान वाकडी करून आईच्या हातातल्याच फोनला कान लावला.

"जेवलास?" तिनं विचारलं.

"हो."

"काम मिळालं?"

"गोदामात. माल चढवायचा."

"बरं."

पलीकडं कुणीतरी त्याला हाक मारली, आणि फोन बंद झाला. आई तिच्या तोंडाकडं बघत होती.

"काय म्हणाला?"

"गोदामात लागलाय म्हणाला."

"पाठ दुखते त्याची," आई म्हणाली, आणि फोन पदराला पुसत आत गेली.