पर्यायी उमेदवार मालनबाई

मालनबाई ओव्हाळ यांचा कुणावरच विश्वास नव्हता आणि त्याची त्यांना काडीची लाज नव्हती. मंडईत भाजी घेताना त्या तराजूकडे बघत नसत, भाजीवाल्याच्या हाताकडे बघत. दुधाची पिशवी वास घेतल्याशिवाय पातेल्यात रिकामी होत नसे. लेक कल्याणी आयटी कंपनीत लागली तेव्हा पेढे वाटायच्या आधी त्यांनी विचारलं होतं, "एवढा पगार देतात, म्हणजे तुझ्याकडून नेमकं करून काय घेतात?"

येरवड्यात रस्त्याला लागून त्यांचं पोळीभाजी केंद्र होतं. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीनं उभं केलं. आधी गिऱ्हाईक म्हणजे कारखान्यातली माणसं. मग आसपास काचेच्या इमारती उठल्या आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं पोळ्यांसाठी रांग लावू लागली. पोळ्यांना मागणी आली तशी जमिनीलाही आली, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

केंद्रासमोर एक वस्ती होती. तिच्यावर दिग्विजयचा डोळा होता. हा दिग्विजय म्हणजे पक्षाचा उगवता तरुण. लोकांना हुसकावून जागा बिल्डरच्या घशात घालणं हा त्याचा धंदा, आणि फलकावर मात्र समाजसेवक. वस्तीतला सोनबा, मंडईत हमाली करणारा, काही केल्या घर सोडेना. एके सकाळी दिग्विजय स्वतः लोखंडी गज घेऊन आला आणि त्यानं भर रस्त्यात सोनबाचा उजवा हात मोडला. हमालाचा उजवा हात मोडायचा म्हणजे काय, ते सोनबाची बायको चंपा हिला विचारा.

मालनबाई कणीक मळत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. तसं रस्त्यावर अजून पुष्कळ लोक होते, पण त्या सगळ्यांना नेमकी त्याच वेळी डुलकी लागली होती. पोलिसांत जाऊन जे पाहिलं ते सांगणाऱ्या मालनबाई एकट्या. खटला उभा राहिला आणि त्यात डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार एवढी एकच.

मग हिंमतरावांच्या फेऱ्या सुरू झाल्या. हिंमतराव पक्षाचे वॉर्डातले जुने प्रमुख, लग्नाला पहिल्या पंगतीत आणि मयताला सगळ्यांत पुढे. येत, चहा पीत, आणि हळूच म्हणत, "जाऊ द्या ना मालनताई. पोरगं आहे, रागाच्या भरात झालं. कोर्टात म्हणायचं, नीट आठवत नाही. तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. हात सोनबाचा गेलाय," मालनबाई म्हणत आणि रिकामा कप उचलून नेत.

असं पुष्कळ दिवस चाललं. तेवढ्यात महापालिकेची निवडणूक आली आणि पक्षानं उमेदवारी दिली ती दिग्विजयलाच. लोक कुजबुजले, तर हिंमतराव म्हणाले, "गुन्हा नुसता दाखल आहे, शिक्षा कुठं झालीये?" कायदाही तेच म्हणत होता, बोलणार काय, कपाळ? पण अशा उमेदवाराच्या मागे पक्ष एक डमी उभा करतो. कागदोपत्री त्याला म्हणायचं पर्यायी उमेदवार. मुख्य माणसाचा अर्ज बाद झाला किंवा माघार घ्यायला लावून त्याला बसवावं लागलं, तर पक्षाचं चिन्ह या डमीला. नाहीतर डमीनं गुपचूप माघार घ्यायची. म्हणून तिथे उमेदवाराची बायको असते, भाऊ असतो, ऊठ म्हटलं की उठणारं कुणीतरी असतं. दिग्विजयनं मात्र नाव सुचवलं मालनबाईंचं.

"मलाच का?" मालनबाईंनी हिंमतरावांना विचारलं.

"वॉर्डात तुमच्या शब्दाला मान आहे. आणि दिग्विजयला जुनं वैर मिटवायचंय."

मालनबाईंना त्यातलं अक्षरही पटलं नाही. त्यांनी अटी घातल्या. कोऱ्या कागदावर सही करणार नाही. माघारीचा अर्ज आधी भरून देणार नाही. केंद्राची कागदपत्रं कुणाच्या हातात देणार नाही. साक्षीचा विषय काढायचा नाही. हिंमतरावांनी सगळ्याला मान डोलावली.

आता खरं म्हणजे एवढ्या अटी एका दमात मान्य होतात, तिथेच माणसानं उठून जावं. मालनबाई उठल्या नाहीत. का, ते सांगते. या बाईनं उभी हयात पक्षाच्या सभांना सतरंज्या घातल्या होत्या, कार्यकर्त्यांना पिठलं-भात रांधून घातला होता, आणि आभार मानताना दरवेळी त्यांचं नाव राहून गेलं होतं. एकदा तरी आपलं नाव कुठेतरी लागावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. सगळ्या जगावर संशय घेणारी बाई स्वतःच्या हौसेवर संशय घ्यायला विसरली.

अर्ज भरला. छाननीत दिग्विजयचाही टिकला, मालनबाईंचाही. कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर नाव लागलं. कल्याणीनं मोबाइलवर फोटो काढला. आईनं तो परत परत मागून पाहिला.

माघारीच्या मुदतीच्या आदल्या दिवशी हिंमतराव आले ते घाईघाईत. "मालनताई, वर्तमानपत्रात दिग्विजयच्या खटल्याचं छापून आलंय. वरचे बिथरलेत. उद्या त्याला बसवायचं म्हणतात. तयारीत राहा, तिकीट तुमचं."

मालनबाईंनी मनातल्या मनात म्हणून पाहिलं: नगरसेविका मालनबाई ओव्हाळ. पाण्याच्या लाइनीपासून वस्तीच्या घरांपर्यंत काय काय करता येईल ते सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. हिंमतरावांनी चप्पल घातली, आणि जाता जाता म्हणाले, "परवा कोर्टात साक्ष आहे ना तुमची? जा खुशाल. जे पाहिलंत ते बिनधास्त सांगा."

ते गेले आणि मालनबाई परातीसमोर बसल्या, पण हात चालेनात. कुठेतरी पाणी मुरत होतं. इतके दिवस साक्ष देऊ नका म्हणून उंबरठा झिजवणारा माणूस आज म्हणतो, बिनधास्त सांगा. बाबा रे, काल चावत होतास, आज शेपूट कशाला हलवतोस?

कल्याणी कामावरून आली तेव्हा आईनं विचारलं, "मी कोर्टात दिग्विजयविरुद्ध बोलले, तर फायदा कुणाचा?"

"सोनबाकाकांचा."

"अजून कुणाचा?"

कल्याणी बूट काढता काढता थांबली. "आई, तुझाच की. तो गेला की सीट तुला."

"हेच त्याचा वकील विचारणार. म्हणणार, हिला त्याची जागा पाहिजे म्हणून रचून सांगते. माझी साक्ष जाते केरात."

"पण तू जबाब दिलास तेव्हा निवडणूक कुठं होती? कोर्टाला कळेल ना ते."

"कोर्टाला कळेल, असं मी धरून बसू? आणि नाही कळलं तर? सोनबाचा दुसरा साक्षीदार कुठून आणू?"

"पण समज, तिकीट खरंच मिळालं तर?" कल्याणी म्हणाली. "कशावरून हा सापळाच आहे? तुझा स्वभाव आई. प्रत्येक गोष्टीत तुला काळंबेरं दिसतं."

हे मात्र मालनबाईंना लागलं. कारण ते खरंही असू शकत होतं. हिंमतराव या एका वेळेपुरते सरळ बोलले असतील, तर मालनबाई नुसत्या संशयापायी हातातलं तिकीट फेकून देणार होत्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निवडणूक कार्यालयात जाऊन माघार घेतली. फळ्यावरचं नाव खोडताना तिथे थांबल्या नाहीत. बघवलं नसतं. दारात हिंमतराव भेटले. त्यांचा चेहरा पडला. "हे काय केलंत, मालनताई? तिकीट तुमचंच होतं हो." तो चेहरा डाव फसल्याचा होता की खरोखर वाईट वाटल्याचा, ते मालनबाईंना तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही नाही. दिग्विजयला कुणी बसवलं नाही, एवढं खरं. पण बसवून त्याच्या जागी उभं करायला उरलं तरी कोण होतं?

कोर्टात दिग्विजयच्या वकिलानं उलटतपासणी सुरू केली ती गोड आवाजात. "बाई, माझ्या अशिलाला शिक्षा झाली, तर पक्षाची उमेदवारी कुणाकडे जाते?"

"कुणाकडेच नाही साहेब. मी काल माघार घेतली."

वकील हातातले कागद चाळत बसला. त्याच्या सगळ्या प्रश्नांची मोळी त्या एका प्रश्नाला बांधलेली होती. मालनबाईंनी गज सांगितला, हात सांगितला, मारणाऱ्याचं नाव सांगितलं, आणि प्रत्येक उत्तर न्यायाधीशांनी लिहून घेतलं. एका बाजूला सोनबा डाव्या हातानं उजवा हात धरून उभा होता.

निकालाची पुढची तारीख पडली. बाहेर पडल्यावर मालनबाईंना वाटलं होतं, निदान चंपा तरी जवळ येऊन दोन शब्द बोलेल. चंपा आली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं मालनबाईंचा पदर धरला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मालनबाई, वाईट वाटून घेऊ नका. पण वस्तीत सगळे म्हणतात म्हणून विचारते. माघारीचे किती दिले हो त्यांनी?"

मालनबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हात उगारावा असा संताप आला. पण तिच्या जागी त्या असत्या, तर त्यांनी हाच प्रश्न विचारला असता, आणि तोही कोर्टात जायच्या आधी.

"रिक्षा बघ," त्या म्हणाल्या. "सोनबाला त्या हातानं बसचा दांडा धरवत नाही."