लाल चिंधीचा डबा

हसायचं असेल तर आधी हातातला चहा संपवा. मागून ठसका लागला तर बोल माझ्यावर नको. आणि मी सावकाश बोलणारा माणूस, मधे घाई करू नका. घाई केली की काय होतं, तेच तर सांगायला बसलोय!

माझी नात प्रज्ञा. परभणीला नर्सिंग शिकते. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेलं ते पहिलंच माणूस. मी स्वतः चौथीतून उठलो तो सरळ बैलांमागं गेलो. त्यामुळं तिची वही मी उलटी धरली तरी माझी छाती फुगते.

परभणीत एका बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर चौघी पोरी मिळून राहतात. मेसचं जेवण काही प्रज्ञाच्या घशाखाली उतरत नव्हतं. म्हणून तिची आई, म्हणजे माझी सून संगीता, एक दिवसाआड सकाळी सातच्या एसटीनं डबा पाठवायची. कंडक्टर ओळखीचा. तो स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर डबा ठेवायचा, पोरगी येऊन घेऊन जायची. असं तीन महिने सुरळीत चाललं.

मग संगीताची आई ओट्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. संगीताला महिनाभर माहेरी जावं लागलं, आणि इकडं डबा बंद झाला. घरात उरलो मी आणि माझा मुलगा मिलिंद. मिलिंद मानवतला कापसाच्या जिनिंगवर कामाला. भाकरी तो थापायचा, पिठलं मी बघायचो. म्हणजे खरोखर नुसतं बघायचो.

बुधवारी प्रज्ञाचा फोन आला.

"आबा, मी घरी यायले. मला न्हाई जमत इथं."

"जेवलीस का बाई?"

"भूकच लागत न्हाई. वर्गात डोळ्यापुढं अंधारी येती."

मिलिंदनं ते ऐकलं आणि हातातली भाकरी तशीच तव्यावर टाकली. "रविवारपर्यंत बघतो. न्हाई तर जातो आन घेऊन येतो. लेकराच्या जिवापेक्षा शिक्षण मोठं हाय का?"

मी म्हणालो, "एकदा आली की परत जाणार न्हाई रे ती."

"मग डबा कोण करणार? तुमी?"

तो रागानं म्हणाला. मी ते खरं धरलं. "हो, मी," म्हणालो. आता काय सांगू, आयुष्यात एवढा मोठा शब्द मी कधी दिला नव्हता!

पण माझ्या डोक्यात एक पदार्थ होता. आमची ही गेली त्याला सहा वर्षं झाली. ती शेतात निंदायला जायच्या आधी एक खिचडी लावून जायची. बाजारातून काही आणायचं नाही, डब्यांत असेल तेच घ्यायचं. पातेल्याच्या तळाला तळलेले सांडगे, त्यावर ज्वारीच्या कण्या आणि मुगाची डाळ, त्यावर शेंगदाणे आणि सुकं खोबरं, मग परत कण्या. काळा मसाला, पाणी, वर झाकण, आणि झाकणावर निखारे. खालून चूल मंद, वरून निखारे मंद. आम्ही शेतातून येईपर्यंत घर वासानं भरलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी तर ती जास्तच चांगली लागायची. प्रज्ञा लहानपणी तिला थराची खिचडी म्हणायची आणि थर मोजून खायची.

ती करताना तीस वर्षं मी चुलीपुढं बसून बघितलं होतं. बघून काय येत नाही? माझं काही चुकलं तर ही कधी बोलायची नाही. नुसती माझ्याकडं बघायची आणि तोंड फिरवायची. दहा शिव्या परवडल्या असत्या.

तर गुरुवारी दुपारी मी चूल पेटवली. धूर असा झाला की शेजारची कडूबाई मधल्या दगडी गडग्यावरून डोकावली. कडूबाई माझ्याच वयाची. तिच्या तोंडापुढं गावात कुणी टिकत नाही.

"किसनभाऊ, चूल पेटवायलाव का घर?"

"नातीला डबा करायलोय."

"अरे बापरे! पोरगी नर्सिंगला हाय ते बरंय. घरचं औषध घरीच."

ती काही जाईना. "मीठ टाकलं का?"

"टाकलं."

"खरंच टाकलं का? तुमचं काय खरं न्हाई."

ती गेल्यावर मलाही वाटायला लागलं, टाकलं की नाही? म्हणून परत टाकलं. असू द्या, कमी नको पडायला!

आता इथं आमची चिमणी मधे येते. चिमणी म्हणजे म्हैस. दारातून आत आली की घरात अंधार होतो, पण नाव चिमणी. ती त्याच आठवड्यात व्याली होती. व्यालेल्या म्हशीला आमच्याकडं खुराक देतात. बाजरीचा भरडा मऊ शिजवायचा, त्यात गूळ, सुंठ, ओवा, थोड्या मेथ्या आणि तेल. तोही घरातल्या त्याच डब्यांतून निघतो. बाजरी आमची, गूळ आमचा, सुंठ संगीताच्या हातची. म्हशीसाठी वेगळा गूळ थोडाच असतो?

खिचडी उतरवली आणि त्याच चुलीवर चिमणीचा दुसऱ्या दिवसाचा खुराक शिजवला. गुळाला मुंग्या लागतात, म्हणून निवल्यावर तोही झाकणाच्या डब्यात भरला. घरात एकसारखे दोन मोठे स्टीलचे डबे होते. एकात खिचडी, दुसऱ्यात खुराक.

मी म्हणालो, किसन, तू विसरभोळा. खूण कर. जुन्या लुगड्याची लाल चिंधी घेतली आणि एका डब्याच्या कडीला गाठ मारून बांधली. म्हशीच्या डब्याला. मग निवांत झोपलो.

शुक्रवारी सकाळी गोठ्यात शेण काढत होतो, तोच हॉर्न वाजला. मला सांगा, आमच्या गावची एसटी कधी वेळेवर आली आहे का? त्या दिवशी वेळेच्या आधी आली! मी हात धुतले, घरात पळालो. दोन डबे समोर. एकाला लाल चिंधी. रात्री खूण केलेली आठवत होती. खूण पक्की होती. कशाची, एवढंच आठवेना. मनात म्हणालो, चिंधी बांधली म्हणजे बाहेरगावी जायचा तोच असणार. म्हशीच्या डब्याला कोण कशाला सजवेल?

चिंधीचा डबा उचलला आणि धावलो.

"जयभीम आबा," कंडक्टर म्हणाला. "आज तुमी? वहिनी कुठायत?"

"माहेरी गेली. मीच केलंय."

"मग झाकण घट्ट हाय ना? वासानं माणसं उतरून चालत जायची."

गाडी गेली. मला काय हलकं वाटलं! घरी आलो, दुसरा डबा घेतला आणि गोठ्यात घमेल्यात उपडा केला.

चिमणीनं हुंगलं. फुर्र केलं. आणि मागं सरली.

"खा की बये," मी म्हणालो आणि खाली बघितलं. घमेल्यात शेंगदाणे. खोबरं. सांडगे!

मी रस्त्यापर्यंत पळत गेलो. धूळसुद्धा खाली बसली होती.

फोन लावला, प्रज्ञाचा बंद. वर्गात असणार. मग दिवसभर मी ओट्यावर बसून होतो. डोळ्यापुढं एकच चित्र. चौघी पोरी डबा उघडतात. एकीचे वडील मास्तर, एकीचे तलाठी. आणि आमच्या लेकराच्या डब्यात म्हशीचा खुराक! आता ती रविवारची वाट कशाला बघेल? मिळेल त्या गाडीनं येईल. घराण्यातलं पहिलं शिकणारं माणूस, आणि त्याला घरी बसवणारा कोण? त्याचाच आजा.

चार वाजता फोन वाजला. उचलायची हिंमत होईना. पाचव्यांदा वाजला तेव्हा उचलला.

"आबा! काय पाठवलंत हे?"

मी म्हणालो, "बाई, ऐक..."

"चौघींनी डबा पुसून खाल्ला! ती तलाठ्याची पोरगी तर बोटं चाटायली. किती दिवसांनी पोटभर जेवले मी. अजून पाठवा ना!"

मी फोनकडं बघितलं. मग परत कानाला लावला.

"आबा, काय म्हणतात हो ह्याला?"

खोटं मला बोलता येत नाही. खरं तोंडातून निघेना. म्हणालो, "ते... बाळंतिणीला देतात, बाई."

यात खोटं काय होतं? तुम्हीच सांगा!

"म्हणूनच अंगात ताकद आल्यासारखं वाटायलंय!" ती म्हणाली.

पण हे एक वाक्य मला लय महाग पडलं. पोरींनी ते घरमालकीण बाईंना सांगितलं. बाईंची लेक नुकतीच बाळंत होऊन माहेरी आलेली. रविवारी सकाळी मिलिंद पोरीला आणायला जायच्या तयारीत, अंगात सदरा घातलेला, तेवढ्यात प्रज्ञाचा फोन.

"पप्पा, येऊ नका. माझा अभ्यास राहिलाय. फक्त आबाला सांगा, उद्या दोन डबे. एक आमचा, एक खालच्या ताईचा."

मिलिंदनं सदरा काढला. माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मी कुस्ती मारून आलोय. "आबा, तुमाला स्वयपाक येतो, हे आईला माहीत होतं का?"

मी म्हणालो, "चूल विझायली," आणि उठलो.

पुढचे पंधरा दिवस मी काय केलं म्हणता? बाजरी भरडली, गूळ फोडला. चुलीवर मोठं पातेलं चढलं की चिमणी गोठ्यातून हंबरायची. तिला वाटायचं सगळं तिचंच. कडूबाई एक दिवस गडग्यावर हनुवटी टेकून उभीच राहिली.

"किसनभाऊ, म्हैस एक आन खुराक चार म्हशींचा. कुठं चाललाय एवढा?"

"पाव्हण्यांकडं."

"त्यांची बी व्यालीय का?"

"हो," म्हणालो. हेही खोटं नव्हतं.

रोज ठरवायचो, आज सांगू. आणि रोज फोनवर पोरीचा आवाज आदल्या दिवसापेक्षा टवटवीत यायचा. आज इंजेक्शन शिकलो, आज पट्टी बांधली, आज मॅडमनी शाबासकी दिली. त्या आवाजापुढं माझं तोंड उघडेना. भीती वाटायची, की खरं कळलं तर चौघींत तिला मान वर करता येणार नाही.

आणि एका रविवारी, न सांगता, चौघी दारात! सोबत बाईंचा रिकामा डबा आणि निरोप, की कृती लिहून आणा.

चौघी चुलीभोवती बसल्या. तलाठ्याच्या पोरीनं वही काढली, पेन काढला. "हं आजोबा, सांगा. बाजरी किती?"

"अर्धी पायली."

तिनं लिहिलं. मग थांबली. "अर्धी पायली? किती माणसांना पुरते?"

"माणसांना न्हाई," मी म्हणालो. "एकीलाच."

"एकीलाच? दिवसभराला?"

"एका वेळेला."

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. मी तेवढ्यात गुळाच्या डब्याचं झाकण उघडलं. आणि त्या आवाजासरशी गोठ्यातून अशी हाक आली की छपराचे पत्रे थरथरले.

"ती बघा," मी म्हणालो. "तिच्यासाठी असतं हे."

तलाठ्याच्या पोरीनं वहीत बघितलं, गोठ्याकडं बघितलं, परत वहीत बघितलं. मी मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. चिंधी, एसटी, घमेलं, बाळंतीण, सगळं. "माझ्या लेकराला नावं ठेवू नका," म्हणालो. "चूक माझी हाय. ती घरी बसू नये म्हणून मी गप राहिलो."

पहिल्यांदा हसली ती तलाठ्याची पोरगी. पेन फेकून चुलीपुढं लोळायला लागली. "म्हणूनच! म्हणूनच खालच्या ताईला एवढं दूध आलं!" मग चौघी अशा हसल्या की कडूबाई गडग्यावर आली आणि काय झालं ते न कळताच त्यांच्यात हसायला लागली. मास्तरची पोरगी म्हणाली, "बाईंना काय सांगायचं?" तिघी एकदम म्हणाल्या, "लापशी!"

प्रज्ञा मात्र माझ्याजवळ सरकून बसली. डोळे पुसत होती, हसून की कशानं, मला नाही कळलं. "आबा, मी कुठं न्हाई जायले शिक्षण सोडून. तुमी खुराक पाठवा नाय तर पेंड पाठवा." मग तिला काहीतरी आठवलं. "पण थांबा. हा डबा चिमणीचा, तर माझ्यासाठी काय केलं होतं?"

"तुझ्या आजीची थराची खिचडी."

ती हळूच म्हणाली, "तशीच जमली होती?"

"एक घास खाऊन बघितला मी मागून. मीठ दोनदा पडलं होतं." आता सांगून टाकतो तुम्हालाही. खरा डबा परभणीला पोचला असता ना, तर पोरगी त्याच गाडीनं परत आली असती.

"आन मग तिचं काय झालं?"

"चिमणीपुढं होती ती."

"तिनं खाल्ली?"

मी निखारे जरा पुढं सारले.

"न्हाई बाई. तिनं एकदा हुंगली. मग माझ्याकडं बघितलं, अगदी तुझी आजी बघायची तसं. आन तोंड फिरवलं."