बबलूच्या पोराची धुंड

यंदाच्या होळीला आमच्या बंजारा तांड्यात एकच प्रश्न होता: बबलूच्या पोराची धुंड होणार की नाही.

तांड्यात मुलगा जन्मला की पहिल्या होळीला त्याची धुंड होते. दारात त्याला मांडीवर घेऊन बसतात, पुरुषमंडळी काठ्या वाजवत त्याला आशीर्वाद गातात, मग अंगणात खुंट्यांना बांधलेलं गुलगुल्यांचं पातेलं पळवायला धावतात. बाया हातात ओल्या फांद्यांचे फोक घेऊन ते राखतात आणि मागंपुढं न पाहता हाणतात. बबलू लालसिंग आडेइतका मार ढाणकीच्या आसपास कोणी खाल्ला नसेल, आणि इतक्या खुशीनं तर नाहीच.

त्या मारानं त्याची फौजेतली भरतीच जाणार होती. दिवसा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायच्या, पहाटे डांबरी रोडनं धावायचं, असं करून तो मैदानी चाचणी पास झाला. पण मेडिकल निघाली होळीच्या चौथ्या दिवशी. पाठीवरचे वळ पाहून डॉक्टरांनी विचारलं, कोणाशी मारामारी केली? बबलू ताठ उभा राहून म्हणाला, "सर, माँ ने मारा. दो काकी ने भी मारा. त्योहार था, सर." डॉक्टर चष्मा काढून हसले म्हणतात.

ट्रेनिंगहून तो अर्धा हिंदी होऊन आला. म्हशीलाही 'आइए' म्हणायचा. आईला, लालीबाईला, त्यानं दारातून 'माताजी' अशी हाक मारली तर तिनं मागं वळून पाहिलं, देवळातून कोणी आलं की काय. मग शीलाशी लग्न झालं. पहिल्याच होळीला तिनं त्याच्या पाठीवर दोन फोक मोडले, तेव्हा त्यानं सासऱ्याला फोन लावून, पोरगी मजबूत दिली म्हणून आभार मानले.

गेल्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली तेव्हा शीलाला तिसरा महिना होता. फोनवर त्याचं एकच पालुपद: सुट्टी भेटो का न भेटो, पोरगा झाला तर धुंड पहिल्याच होळीले करायची. चार दिवसांनी चौकीवर तोफगोळे पडले. एका जखमी सोबत्याला आत आणून तो दुसऱ्याला आणायला गेला, आणि तिथंच गेला. चोवीस वर्षांचा होता. तांड्यात आठ दिवस कोणाच्या चुलीवर कढई चढली नाही.

दिवाळीत मुलगा झाला. होळी आली तशी शीलानं धुंड मागितली. तांड्याचे प्रमुख मारोती नायक प्रत्येक वाक्य 'आता पाहा'नं सुरू करतात. आता पाहा, वर्ष पुरं झालं नाही. आता पाहा, दुःखाच्या घरी काठ्या वाजत नाहीत. पुढच्या होळीला करू.

"पुढच्या होळीले हा छोरा पळत सुटन," लालीबाई म्हणाली. "मांडीवर कोण बसन मंग, तुमी?"

नायकांनी हात टेकले. म्हणाले, आता पाहा, पोरं येतील, पण रडत येतील.

"रडाले नोका येऊ," शीला म्हणाली. "पातेलं न्याले या. मी राखून राह्यली."

पोरं आली. आशीर्वाद गाऊन झाले. पातेल्यापाशी मात्र कोणी सरेना. शीला फोक घेऊन उभी, समोर वीस गडी माना खाली घालून उभे. तेव्हा बबलूचे वडील, साठीचे लालसिंगबा, डोईचा फेटा सोडून लंगडत निघाले आणि खुंटीला हात घातला.

आता पंचाईत. सून सासऱ्याला कशी मारणार? शीलानं पदर ओढून तोंड फिरवलं.

"तू सरक," लालीबाई म्हणाली, "याचं मी पाहातो." आणि तिनं नवऱ्याला असा सणसणीत फोक ठेवून दिला की लालसिंगबा खुंटी सोडून देवाचं नाव घेऊ लागले.

आधी शीला हसली. मग सगळी पोरं एकदम पातेल्यावर तुटून पडली आणि तिनं एकालाही सोडलं नाही.

पातेलं कोणाच्या बापाच्यानं हललं नाही. ऊन उतरल्यावर शीलानं आपल्या हातानं दोरी सोडली, पोराला कडेवर घेतलं आणि पाठ चोळत बसलेल्या एकेकापुढं गुलगुले धरत फिरली. सगळ्यांनी दोन-दोन मागितले.