आप्पांचा दगड

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. भूत-भानामतीच्या गप्पा निघाल्या की हसून उठून जाणारा माणूस. तरीही लिहितोय.

आमचं जुनं गाव तलावात गेलं. तेर गावाहून एसटीनं अर्धा तास, पुढं होडीनं वीस मिनिटं. गावामागची टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली. आता ते बेटच. वस्ती नाही, सावली नाही... नुसती बोरी-बाभळी.

गाव उठताना प्रत्येकानं आपल्या घराचे चार-दोन दगड नव्या गावात आणून ठेवले. घरातलं माणूस गेलं की त्यातला एक त्या टेकडीवर न्यायचा. अनवाणी, हातात धरून. वाटेत खाली टेकला तर पुन्हा पाण्यापासून सुरुवात. माथ्यावर तो जुन्या गावातल्या क्रमानंच आपल्या घराच्या जागी मांडायचा – मारुती इथं, चावडी तिथं, मधून गल्ल्या. कुणी कागदावर काढलेलं नाही, पण आमच्या माणसांनी बुडालेलं गाव दगडा-दगडानं वर पुन्हा वसवलंय. हे मी खूप उशिरा नीट पाहिलं.

आप्पा म्हणजे माझे चुलते. बापामागं त्यांनीच मला शिकवलं. ते गेले तेव्हा दगड न्यायचं काम माझ्याकडं आलं. भिंतीतल्या देवळीचा दगड, त्यावर आप्पांनी लहानपणी छिन्नीनं कोरलेलं पाच पाकळ्यांचं फूल – पाचवी अर्धीच. ऊन मी म्हणत होतं. निम्म्या चढावर पायात काटा मोडला आणि मी दगड खाली टेकवला. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून! मला संध्याकाळच्या आत धाराशिव गाठायचं होतं. टेकडीच्या मागच्या अंगाला जुन्या नदीचा डोह आहे, दुष्काळातही न आटणारा. मी दगड तिथं पाण्यात सोडून दिला.

घरी येऊन काकूला म्हणालो, "ठेवला. मारुतीमागं, तिसरं घर."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

नऊ वर्षांनी, गेल्या चैत्रात, काकू म्हणाली, "सुभाष, मला वर न्हे. एकदा घर बघून येते."

"काकू, तुझे गुडघे..."

"गुडघे माजे हायत, तुजे न्हायत."

होडीवाले रहमानभाई म्हणाले, "मास्तर, अम्मा चढतील. तुमचंच बघा."

ती खरंच चढली. ब्याऐंशीची बाई, अनवाणी, बाभळीला धरत, दर वीस पावलांनी बसत; पण एकदाही 'परत चल' म्हणाली नाही. मी मागं होतो. प्रत्येक पावलाला वाटायचं, आता सांगावं...

माथ्यावर ती पदर सावरून गल्लीतनं चालावं तशी चालली. "ही चावडी. हा मारुती. ह्ये पहिलं घर, ह्ये दुसरं..."

आणि थांबली.

तिसऱ्या घराच्या जागी दगड होता. फूल, पाच पाकळ्या, पाचवी अर्धी.

काकूनं हात ठेवला. "आगं बया, वला हाय की."

भर दुपार, आजूबाजूचे दगड चटके देणारे. मी बोट लावलं. गार, शेवाळलेला, खाली माती भिजलेली.

काकू त्या दगडाशी हसून बोलली, "आत्ताच आलाव जणू? उशिरा यायची सवय काय गेली न्हाय तुमची." मग माझ्याकडं वळली. "आन् तू कशापाय थरथरायलास?"

"चढानं," मी म्हणालो. तिथंही खोटंच.

परतताना रहमानभाईंना आडून विचारलं, जाळ्यात कधी दगड लागतो का? "लागतो की. शिव्या घालून परत पाण्यात सोडतो. टेकडीवर कोन न्हेतंय त्याला?"

दगड कुणी काढला, कधी नेला, त्याची नेमकी जागा कुणी सांगितली – काही उलगडा नाही. मी दुसऱ्याच दगडाला फसलो म्हणावं, तर ती अर्धी पाकळी मी लहानपणापासून बोटानं चाचपलेली आहे. शाळेत शिकवतो त्यातलं काहीच इथं लागू पडत नाही. एवढं मात्र कळतं की त्या बाईची चढण आणि त्या माणसाचं घरी पोचणं, दोन्ही माझ्या ऐपतीबाहेरचं आहे.

काकू अजून आहे. रोज संध्याकाळी मला चहा करून देते. तो दगड मी वर नेला नव्हता, हे तिला सांगायचं अजून बाकी आहे.