समेटाची फेरी

माझं तोंड फाटकं आहे, हे बदनापुरात कुणालाही विचारा. जालन्याच्या मुलींच्या बोर्डिंगात मी जन्मभर मेट्रन होते. पोरींना सकाळी उठवायचं, वेण्या घालायला लावायच्या, ताटात टाकलेलं वरण परत खायला लावायचं, ही कामं काही गोड बोलून होत नसतात. "बाई, जरा हळू," असं मला पुष्कळांनी सांगून पाहिलं. हळू बोलले असते तर त्यातल्या निम्म्या पोरी दहावीच्या पुढं गेल्या नसत्या. मालक आधीच देवाघरी गेले होते. रिटायर झाल्यावर बदनापूरला लेकाच्या घरी राहायला आले आणि आवाज तेवढा सोबत आणला.

लेक रोज रेल्वेनं जालन्याला कामाला जातो. सून घरी ब्लाउज शिवते. तिच्याही तोंडाला कुलूप नाही. भाजीत मीठ किती, नळाचं पाणी कुणी भरायचं, टीव्हीचा आवाज कुणासाठी कमी करायचा, यावर आमची दिवसभर जुंपायची. लेक संध्याकाळी दारात चपला काढतानाच विचारायचा, "आज कोण जिंकलं?"

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, फार नाहीत. बदनापूरची काही घरं, जालन्याची जरा जास्त, वाटूरला आणि हसनाबादला थोडीथोडी. सगळ्यांना मिळून उपासना चालवणारे पाळक एकच, तेही मोटारसायकलवर फिरणारे. पण शुक्रवारच्या घरगुती प्रार्थनेतून आमच्यात एक काम उभं राहिलं, आपली माणसं सेवेसाठी परदेशी पाठवायचं. मी लहान होते तेव्हा मिशन म्हणजे बाहेरून आलेली गोष्ट. गोरे लोक समुद्र ओलांडून आले, त्यांनी दवाखाने काढले, शाळा काढल्या. देणारे ते आणि घेणारे आम्ही. आजी मडमांच्या गोष्टी सांगायची तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटायचं आणि रागही यायचा. आपण काय कायम घेतच बसायचं? मग आमच्या मंडळीनं आधी नेपाळला दोघं पाठवले. पुढं हसनाबादचं एक जोडपं आफ्रिकेत गेलं, मलावीला. वाटूरच्या पाहुण्यांनी ऐकलं तर म्हणाले, "इकडून तिकडं? हे उलटंच चाललं की!" म्हटलं, उलटं नाही, बराबर चाललंय. शेजारणीची वाटी रिकामी परत करत नसतात.

त्या जोडप्यानं तिकडं मुलींसाठी एक घर चालवायला घेतलं होतं. लांबच्या खेड्यांतल्या पोरी शाळेसाठी तिथं राहतात. एका शुक्रवारी आमच्याच घरी प्रार्थना होती, आणि पाळकांनी त्या घराचा व्हिडिओ मोबाईलवर दाखवला. पोरी भांडी घासत होत्या. एक धाकटी थंडीत ओल्या केसांनी उभी, दुसरी तिला कोपरानं ढकलत होती, तिसरीनं जेवण अर्धं सोडलेलं. सगळे "किती छान, किती छान" करत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, कुणीतरी ओरडा की त्यांच्यावर! त्या लेकराचे केस पुसा आधी!" आणि मला रडू आलं. सगळ्यांसमोर, हुंदके देऊन. मी म्हटलं, "त्यांना तिथं कुणी आई नाही. मी जाते."

पाळक भले माणूस. ते हसले. आमच्यात देवाच्या बोलावण्याला पाचारण म्हणतात, आणि ते तरुणांना होतं अशी सगळ्यांची समजूत. ते म्हणाले, "बाई, पाचारण असं ओरडून नसतं येत."

"मंग बायबलातल्या पौलाला देवानं काय कानात सांगितलं होतं? भर रस्त्यात आडवं पाडलं त्याला!"

"तुम्हाला इंग्रजी येत न्हाई. तिकडची भाषा येत न्हाई."

"रागवायला भाषा लागत न्हाई. माया करायला बी न्हाई लागत."

लेक म्हणाला, या वयात कशाला, तिकडं मलेरिया आहे. मी म्हटलं, इकडचे डास काय उपास करतात का? सून शिवणयंत्रावर वाकलेली होती, ती शिवतच राहिली. मला तेव्हा वाटलं, मनातून खूश असेल, सासू चालली. मला जायचंच होतं. जन्मात कधी काही इतक्या ठामपणे हवं वाटलं नव्हतं. पुढच्या वर्षी पाहू, असं म्हणायची सोय नव्हती, माझे गुडघे पुढच्या वर्षापर्यंत थांबणारे नव्हते.

पण आमच्या मंडळीचा एक नियम आहे. ज्याला पाठवायचं, त्यानं आधी समेटाची फेरी करायची. मंडळीतल्या दर घरी जायचं, बसायचं, ते देतील ते खायचं, आणि विचारायचं, "माझ्यावर काही राग आहे का?" असला तर तिथंच मिटवायचा. मग पाठवणीच्या रविवारी पाळक सगळ्यांसमोर विचारतात, कुणाचा राग बाकी आहे का. एक जरी माणूस उठलं तरी पाठवणी थांबते. इथली भांडणं गाठोड्यात बांधून परदेशात न्यायची नाहीत, असा त्यामागचा विचार. नियम झाला तेव्हा मीच सगळ्यात जोरात "आमेन" म्हटलं होतं. आता मंडळीतलं एक घर सांगा ज्याच्याशी माझं वाजलेलं नाही.

तरी निघाले. लाज सोडून निघाले. पहिल्या घरी उंबऱ्यातच पाय अडला, पण दार वाजवलं. जालन्याच्या एका रिटायर गुरुजींनी चहा दिला आणि मी त्यांना कधी काय काय बोलले ते सगळं पाठ म्हणून दाखवलं. मधे मी तोंड उघडलं तर म्हणाले, "आज तुम्ही ऐकायचं." ऐकलं. हसनाबादला एका घरी पिठलं-भाकरी वाढली आणि घरधनीण म्हणाली, "बाई, तुम्ही माझ्या पोरीला बोर्डिंगात लई रागावल्या. ती आता नर्स आहे. तुमच्यावर काय राग धरू?" आणि वर मोसंब्यांची पिशवी दिली.

सगळ्यात अवघड घर होतं वाटूरचं. तिथल्या बाईंना मी नाताळच्या गाण्याच्या फेरीत, साऱ्या गल्लीदेखत म्हटलं होतं, "तुम्ही नुसतं तोंड हलवा, आवाज काढू नका." तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मी विचारलं, राग आहे का. त्या म्हणाल्या, "आहे. तेच गाणं आज पूर्ण ऐकायचं, मंग जाईल." आणि मला समोर बसवून त्यांनी सगळी कडवी म्हटली, ध्रुवपद दर वेळी दोनदा. देवा रे! सूर सुताराच्या रंध्यासारखा चालला होता. पण शेवटच्या कडव्याला त्यांचे डोळे भरून आले आणि माझेही भरले. आवाज वाईट असला तरी भक्ती खरी होती, मी अडवणारी कोण? आम्ही दोघींनी मिळून चिवडा खाल्ला आणि मी एसटीनं परत आले.

असं करत करत फेरी संपली. पाठवणीचा रविवार आला. वाटूर-हसनाबादची माणसंही आली होती. मी इस्त्रीची पांढरी साडी नेसून पुढं बसले. उपासना झाली, पाळकांनी मला उभं केलं आणि विचारलं, "कुणाच्या घरचा राग बाकी आहे का?" मी मान ताठ करून सगळीकडं पाहिलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं माझी सून उभी राहिली.

"आमच्या घरी आल्याच न्हाईत."

लोक हसायला लागले. पाळकही हसले. ती हसली नाही. "कोणत्या घरी?" पाळकांनी विचारलं.

"ज्या घरात राह्यतेत, त्या घरी."

माझ्या अंगाचा भडका उडाला. "माझ्याच घरी मी काय पाहुणी म्हणून येऊ?" मी जोरात म्हटलं. पण पाळकांचं हसू आता गेलं होतं. ते हळूच म्हणाले, "बाई, नियम तर दर घराचा आहे." लेकाकडं पाहिलं, तो चटईकडं पाहत होता. म्हटलं, ठीक. मला जायचंय, आणि हे एक घर आडवं येत असेल तर तेही करून टाकू. "चल गं," म्हणून मी चपला घातल्या. पाळकांनी मंडळीला गाणं सुरू करायला सांगितलं.

घर जवळच आहे, स्टेशनच्या रस्त्याला. ती माझ्या पुढं चालली, आत गेली आणि आतून कडी लावली. मी बाहेर! भर उन्हात, माझ्याच दाराबाहेर. वाजवलं.

"कोण आहे?"

"तुझी सासू!"

"या, बसा."

तिनं मला पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं. पाहुण्यांच्या कपात चहा दिला, बशीत शेव दिली. त्या खुर्चीवरून मी ते घर कधी पाहिलं नव्हतं. शिवणयंत्र कोपऱ्यात, त्याच्यावर माझाच नवा ब्लाउज, प्रवासासाठी शिवलेला, हुक लावायचे राहिलेले. मी शेव खाल्ली. मग विचारलं, जसं सगळीकडं विचारलं होतं तसंच. "माझ्यावर काही राग आहे का?"

"आहे ना," ती म्हणाली. "तुम्ही मोबाईलमधल्या त्या पोरी पाह्यल्या, अन् म्हणल्या, यांना कोणी आई न्हाई. रडल्या तुम्ही. मी बाजूलाच बसेल होते, आत्याबाई. मला माझी माय आठवत बी न्हाई, इतकी लहान होते. लगीन होऊन ह्या घरात आले तव्हा वाटलं, आता एक मिळाली. तुम्ही ओरडल्या, मी ओरडले, त्याचं काही न्हाई. पण जायाचं ठरवलं तव्हा पाळकांना सांगितलं, लेकाला सांगितलं, साऱ्या मंडळीच्या घरी जाऊन आल्या. मला एका शब्दानं विचारलं न्हाई. माय गावाला जाती तर पोरीला सांगून जाती का न्हाई?"

मला फार लाज वाटली, आणि तिची माया आली, दोन्ही एकदमच. बोर्डिंगात कुठली पोर कधी रडून झोपली हे मला सकाळी तोंड पाहून कळायचं, आणि ही रोज समोर होती.

मी म्हटलं, "तू न्हाई म्हण. तुझी आण, बिलकुल जात न्हाई." आणि ते खरं होतं. जीव तुटत होता, तरी खरं होतं.

तिनं पदरानं नाक पुसलं. "न्हाई म्हणू? अन् जन्मभर त्या पोरींच्या नावानं मला ऐकवाल. ते कोण ऐकणार? जा तुम्ही."

"मंग राग गेला?"

"असा कसा जाईल इतक्या जल्दी!"

"अगं, मग तिथं काय सांगशील? एक उठलं तरी थांबतं."

"जे आहे ते सांगंल. चर्चमध्ये खोटं बोलू का?"

माझ्या जिभेवर आलं होतं, बोल ना एवढं एकदा. गिळलं. आम्ही कडी लावून परत निघालो.

चर्चमध्ये पोरं पेंगत होती, गाणं कितव्यांदा चाललं होतं कोण जाणे. पाळकांनी पुन्हा विचारलं, "कुणाच्या घरचा राग बाकी आहे का?" सून उठली.

"आमच्या घरचा आहे," ती म्हणाली. "पण तो माझ्यापाशी राहू द्या. त्या परत आल्या की आम्ही दोघी पाहून घेऊ. त्याच्यासाठी तिकडच्या पोरी कशाला अडवता?"

पाळक माझ्याकडं पाहायला लागले. असा राग नियमात कुठं बसतो ते त्यांनाही समजेना. मी तिच्याकडं वळले आणि सगळ्या मंडळीसमोर म्हटलं, "पोरी, तुला विचारायचं राहिलं. आता विचारते. मी जाऊ का?"

ती म्हणाली, "जा." पाळकांनी मान डोलावली.

पाठवायच्या माणसाच्या डोक्यावर पाळक आणि मंडळीतले वडीलधारे हात ठेवून प्रार्थना करतात. मी गुडघे टेकले. पाळक यायच्या आधीच ती बायकांच्या रांगेतून निघून आली, आणि कुणी बोलावलं नसताना तिनं आपला हात माझ्या डोक्यावर ठेवला. तिच्या हातावर मग बाकीच्यांचे हात आले. प्रार्थना झाली, सगळ्यांनी आमेन म्हटलं, एकेक हात उचलला गेला. तिचा राहिला. मी तशीच खाली बसून राहिले, गुडघे ठणकत होते तरी.