आधी मस्कतला कळायचं

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी रोह्यात एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सकाळी शिकवत होते. मराठी टायपिंगला हात चांगला होता, एवढंच माझं भांडवल. राहायला शेजारच्याच अष्टमी गावात. नवरा कंपनीत शिफ्टला असायचा, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस आमची भेट दारातच व्हायची. एक जण आत येताना, दुसरा बाहेर पडताना.

अशात पेणहून एक गृहस्थ माझी चौकशी करत आले. बारा वर्षं आखातात काढून ते परत आले होते आणि पेणमध्ये त्यांनी कॉम्प्युटर क्लास उघडला होता. सगळे त्यांना सर म्हणत, मीही तेच म्हणायला लागले. त्यांना इंटरनेटवर पेण-रोह्याच्या बातम्यांचं पान काढायचं होतं, रोजच्या रोज, आणि तेही मराठीत. मला ते काय असतं हेच ठाऊक नव्हतं.

“वाचणार कोण?” मी विचारलं.

“तिकडे पापड गुंडाळून आलेला पेपरही आम्ही या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत वाचायचो,” ते म्हणाले. “तारीख कोणी बघायचं नाय.”

मी हो म्हटलं. मग रोज दुपारची एसटी धरून पेणला जायचं, दोन-तीन तास टाईप करायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, असं सुरू झालं. हायवेवर खड्ड्यांतून जाताना माझी पाठ एकेका मणक्याने जागी व्हायची.

सुरुवातीला आमचं पान कोणाला दिसायचंच नाही. म्हणजे दिसायचं, पण मराठीच्या जागी नुसती चिन्हं यायची, कारण आमचा फॉन्ट तिकडच्या कॉम्प्युटरवर नसायचा. सर फ्लॉपीवर फॉन्ट भरून ठेवत. सुट्टी संपवून परत जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत पोह्याच्या पापडांबरोबर आणि सुक्या कोलंबीच्या सोड्यांबरोबर एकेक फ्लॉपी जायला लागली. मग मस्कतहून, दुबईहून, कुवेतहून अभिप्राय येऊ लागले. पानाच्या तळाशी कोणीही काही लिहावं अशी एक जागा होती, तिला आम्ही वही म्हणायचो. कोणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिही. ‘आमच्या गावची एसटी चालू झाली का’, ‘दहावीचा निकाल टाका’, ‘गणपतीच्या कारखान्यात रंगकाम सुरू झालं का’.

वर्षभरात असं व्हायला लागलं की अष्टमीतली बाई आपल्याच गल्लीतली बातमी मस्कतच्या भावाकडून फोनवर ऐकायची. एकदा खाडीचा बांध फुटून भातशेतीत खारं पाणी शिरलं. ते मी चार ओळींत लिहिलं. दुसऱ्याच दिवसापासून त्या गावातल्या पोरांचे तिकडून सरपंचाला फोन सुरू झाले, पुढे तहसील कचेरीतही गेले. आठवड्याने बांध दुरुस्त करायला दगड येऊन पडले. सर खूश होते. मी दमले होते. लोक आता मला रस्त्यात थांबवून बातम्या सांगत, आणि तितकेच लोक बातमी देऊ नका म्हणून घरी येत.

सगळ्यात जास्त वाचलं जाई ते निधनाचं पान. ते लिहिणं सोपं होतं. नाव, गाव, वय, मागे कोण कोण. बहुतेक माहिती पेण स्टँडवरचा पेपरवाला द्यायचा. मी कागदावर उतरवून घ्यायचे आणि टाईप करायचे.

ऐन मे महिन्यात त्याने मला एक निधन सांगितलं. खाडीकाठच्या गावातला एक माणूस सकाळी मिठागरात काम करता करता कोसळला आणि जागीच गेला. मी ते त्याच दुपारी टाकलं. घरच्यांना विचारावं असं मनातही आलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी क्लासच्या दारात एक बाई उभी राहिली. पायांच्या टाचा मिठाने चिरलेल्या, कपाळ मोकळं. सोबत तिचा दीर होता, तो बाहेरच थांबला.

“तूच ती लिवनारी काय गो?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं. सरांनी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

तिचा एकुलता मुलगा मस्कतला वेल्डर होता. घरच्यांनी ठरवलं होतं की त्याला फक्त बाप आजारी आहे, निघून ये, एवढंच सांगायचं. बाकीचं घरी आल्यावर. आमच्याकडे असंच करतात. पण त्यांचा फोन लागायच्या आधीच त्याच्या कॅम्पमधल्या कोणीतरी आमचं पान वाचलं होतं. कंपनीने त्याला लगेच सोडलंही नव्हतं. तो तिकडेच होता आणि जेवत नव्हता.

“माझ्या पोराला मी सांगायचं होतं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “तू कशाला सांगितलंस?”

चुकलं, असं मी म्हटलं. तिने ते ऐकलं की नाही कळलं नाही.

थोड्या वेळाने ती बसली. ती भांडायला आलीच नव्हती. वहीत कोणीतरी लिहिलं होतं की म्हातारा दोन तास उन्हात एकटा पडून होता, कोणाचं लक्ष नव्हतं. ते मुलाने वाचलं होतं आणि तो फोनवर तेच तेच विचारत होता. फोनवर तिला बोलता येत नव्हतं, रडू यायचं आणि वेळ संपायची.

“मी सांगते तसं लिव,” ती म्हणाली. “तो वाचंल.”

मी मशीनसमोर बसले आणि तिच्या तोंडचं जसंच्या तसं टाईप करत गेले.

“तुझा बाप सकाळी पेज पिऊन गेला. सोबत सुकट भाजली होती. मी मागनं गेले. तो मीठ वढत होता, मी पाटी भरत होते. मना म्हनला, उन लागतंय. खाली बसला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं नि पदराची सावली केली. पानी पाजलं, दोन घोट घेतलं. तुझं नाव घेतलं नाय, खोटं कशाला सांगू. कुनाचंच घेतलं नाय. पन एकटा नव्हता. माझ्या मांडीवर गेला. तू जेव.”

मी वाचून दाखवलं. तिने मान हलवली. एक ओळही बदलू नका, असं सरांनी मला हळूच सांगितलं. सांगायची गरज नव्हती.

ते पान जितकं वाचलं गेलं तितकं आमचं काहीच आधी वाचलं गेलं नव्हतं. वही भरून गेली. लोकांनी आपल्या आईबापांबद्दल लिहिलं, काहींनी त्या बाईला नमस्कार लिहिले. उन्हात एकटा पडल्याचं ज्याने लिहिलं होतं त्याने माफी मागितली.

आणि मग बायका यायला लागल्या. आधी खाडीकाठच्या, मग आतल्या गावांतल्या, भात-वालाची शेती करणाऱ्या. क्लासच्या बाकावर रांगेने बसायच्या. कोणाला नवऱ्याला सांगायचं असे की घराचं कौल फुटलंय, कोणाला मुलाला सांगायचं असे की सून नीट वागते. काहीजणींना कोणालाच काही सांगायचं नसे, आपलं लिहून यावं एवढंच हवं असे. ब्लॉग हा शब्द आम्ही ऐकलाही नव्हता. सर त्याला ‘बायकांचं पान’ म्हणत. बातम्या मागे पडल्या, लोक हेच वाचायला येत. मुंबईच्या एका मोठ्या पेपरात आमच्यावर छापूनही आलं.

एक नियम मात्र मी घातला. घरच्यांचा होकार आल्याशिवाय निधन टाकायचं नाही. सरांना तो पटला नाही, कारण त्यामुळे आम्ही दोन-दोन दिवस मागे राहायचो. “लोक दुसरीकडनं ऐकतील,” ते म्हणत. ऐकू देत, मी म्हणायचे.

तो वेल्डर तीन महिन्यांनी सुट्टीवर आला आणि आईला न सांगता पेणला आला. अंगाने बारीक, शर्टाची इस्त्री मोडलेली नाही. त्याला ते पान छापून हवं होतं. प्रिंटर करकरत असताना तो उभाच राहिला.

“मला कोणी सांगितलं नाय,” तो म्हणाला. “कॅम्पात जेवणाची रांग होती. पुढची सगळी मानसं बाजूला झाली नि मला म्हनाली, तू घे आधी. तेव्हाच कळलं कायतरी झालंय.”

मी म्हटलं, “तुमची माफी मागायची होती.”

छापून झालेला कागद त्याने उचलला. मग म्हणाला, “तुमाला दोष नाय देत. पन बरं झालं असंपन नाय म्हननार. आयनं सांगितलं ते बरं झालं.”

कागद घडी करून त्याने खिशात ठेवला आणि तो गेला.

त्यानंतर मी आणखी सहा-सात महिने जात राहिले. ऐकणं टाईप करण्यापेक्षा जड असतं हे मला उशिरा कळलं. दिवसाला आठ-दहा बायकांची घरं माझ्या बोटांतून जायची. घरी आल्यावर नवरा काही सांगायला लागला की मला त्याचं बोलणं ऐकणं नकोसं व्हायचं, आणि तो बिचारा पाण्याचा पंप बिघडलाय एवढंच सांगत असायचा. मान तर दुखतच होती, ते दुखणं आता हातात उतरलं. डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “दुसरी बाई बघतो. पण तुमच्यासारखं ऐकणारी मिळायची नाय.”

दुसरी मिळाली. ती भराभर टाईप करायची आणि बायकांचं बोलणं शुद्ध करून लिहायची. हळूहळू बाक रिकामं झालं. वर्षभरात सरांनी पान बंद केलं. ज्या कंपनीच्या मशीनवर ते ठेवलं होतं तिने नंतर ते पुसूनही टाकलं. सगळं गेलं.

मी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सकाळचे दोन वर्ग घेत राहिले. दुपारी झोपायचे. पुष्कळ दिवस मी फक्त झोपत होते.