गुडघा आणि क्वार्टरबॅक

आमचे हे सोफ्यात रुतून बसतात आणि टीव्हीतल्या पंचविशीच्या मुलाला भित्रा म्हणतात. सीझन सुरू झाल्यापासून दर रविवारी मी हेच ऐकते आहे आणि आता माझे कान किटले आहेत.

तो मुलगा म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या आमच्या टीमचा क्वार्टरबॅक. आमच्या म्हणजे यांच्या. हे या देशात आले तेव्हा ज्या बर्फाळ गावात पहिली नोकरी लागली, तिथली ही टीम. पुढे उबदार दक्षिणेत, अल्फारेटात घर घेतलं, रिटायर झाले, तरी निष्ठा तिकडेच. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आला की त्याने क्षणात ठरवायचं असतं, लांब फेकायचा की जवळ. हा जवळ फेकतो. लांबचा माणूस मोकळा धावत असला तरी हा आपला शेजारच्याच्या हातात चेंडू ठेवतो, आणि तेही जमत नसेल तर सरळ रेषेबाहेर भिरकावून देतो. त्यामुळे चेंडू समोरच्यांना सहसा मिळत नाही, आणि आमचे पॉइंट्सही होत नाहीत.

आमचा मोठा टीव्ही बेसमेंटमध्ये आहे. रविवारी तिथे सबडिव्हिजनमधली, म्हणजे आमच्या कॉलनीतली, दोन-तीन तरुण आयटीवाली मुलं येतात आणि डॉक्टर येतात. डॉक्टर म्हणजे यांचे जुने मित्र, आता रिटायर झालेले, जन्मभर लहान मुलांना तपासलेले. वाद ठरलेला असतो.

"बॅकअप क्वार्टरबॅकला आणा यार," त्यातला नागपूरचा मुलगा सुरुवात करतो. "काका, त्याचा आर्म बघा. साठ यार्ड आरामात थ्रो करतो."

"आणि त्यातले निम्मे समोरच्यांना देतो," डॉक्टर म्हणतात. "हा निदान चेंडू सांभाळतो. उगाच रिस्क कशाला?"

"सांभाळून काय लोणचं घालायचंय?" हे कडाडतात. "रिस्क घ्यायची नसेल तर घरी बसावं माणसाने."

मी पोह्यांच्या डिश गोळा करत असते. हे ऐकलं की डिश हातातून टाकून द्यावीशी वाटते.

कारण यांचा उजवा गुडघा पार झिजला आहे. सर्जनने एक्स-रे दाखवून स्पष्ट सांगितलं, बदलायला हवा. त्याला आता दोन वर्षं होत आली. आधी गणपती होऊ दे म्हणाले, मग दिवाळी. मग मुलगी जर्सी सिटीहून येणार होती, ती आल्यावर घरात आजारपण नको. यंदा म्हणाले, "सीझन संपू दे, मग बघू." रोज गोळी घेतात, गरम पाण्याची पिशवी घेतात, कुठल्याशा तेलाने चोळतात. रेटून नेण्यात यांचा हात कोणी धरणार नाही.

आणि गुडघा इतका गेला आहे हे कोणाला कळता कामा नये. म्हणून रविवारी मंडळी यायच्या तासभर आधी आम्ही बेसमेंटच्या पायऱ्या उतरायला लागतो. एका हातात कठडा, दुसरा हात माझ्या खांद्यावर, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. सगळे येतात तेव्हा हे राजासारखे सोफ्यावर बसलेले. सगळे गेल्यावर तसंच वर. मधल्या वेळात चहा, पाणी, पापड, सगळ्यासाठी खालीवर मी. लोकांना वाटतं, काका किती आरामात बसतात.

माझा खांदा कधीपासून दुखतो आहे, मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर यांनी खाली उतरणंच सोडलं असतं, आणि घरात एक माणूस तोंड पाडून बसला असता. निदान मला तसं वाटायचं.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी कोच एकदाचा कंटाळला आणि मध्यंतरानंतर बॅकअपला आणलं. त्याने तिसराच चेंडू असा लांब फेकला की कॅमेऱ्यालाही शोधावा लागला, आणि आमच्या माणसाने तो धावता धावता झेलला. बेसमेंटमध्ये सगळे उठून उभे राहिले. डॉक्टरसुद्धा उठले. हे मात्र बसूनच टाळ्या वाजवत होते. मी यांच्याकडेच बघत होते. उठायची एक उबळ आली होती, दोन्ही हात सोफ्याला टेकले होते, आणि मग ते हात हळूच मांडीवर आले. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी व्हायचं तेच झालं. दोन मिनिटं उरली असताना त्याने पुन्हा लांब फेकला, समोरच्या माणसाने तो अलगद घेतला आणि मॅच गेली.

"म्हणून मी सांगत होतो," डॉक्टर म्हणाले.

"हरला तर हरला," हे म्हणाले. "प्रयत्न तरी केला. माणसात तेवढी हिंमत पाहिजे."

"मग गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्या ना," मी म्हणाले.

ते बोलायचं असं ठरवलं नव्हतं. पण तोंडातून गेलं आणि मग थांबवेना. दोन वर्षांची चालढकल, तेल, पिशवी, तासभर आधी उतरणं, सगळं काढलं. नागपूरचा मुलगा फोनमध्ये बघू लागला. डॉक्टर यांच्याकडे बघत राहिले. त्यांना यांनी "फिजिओने बराच फरक आहे" असं सांगून ठेवलं होतं. पाच मिनिटांत सगळे निघाले.

"चारचौघांत काढायची काय गरज होती?" पायऱ्या चढताना हे म्हणाले. अर्ध्यावर गुडघ्याने साफ नकार दिला. वरही जाता येईना, खालीही. सगळा भार माझ्यावर, आणि खांद्यातून कळ थेट बोटांपर्यंत गेली. तेवढ्यात वर दारात डॉक्टर दिसले. चष्मा विसरले होते, म्हणून परत आले होते. त्यांनी पाहिलं आणि खाली येऊन यांचा दुसरा हात धरला.

तेव्हा हे त्यांना म्हणाले, "पुढच्या रविवारी जरा लवकर येशील का रे? हिचा खांदा बरेच दिवस दुखतोय."

मला वाटलं होतं, यांना माहीत नाही. माहीत होतं. दर रविवारी त्याच खांद्यावर हात ठेवताना माहीत होतं, आणि त्यावर यांनी शोधलेला उपाय म्हणजे दुसरा खांदा.

मी खांदा काढून घेतला. "डॉक्टर, तुम्ही आणा यांना," म्हणाले आणि एकटी वर गेले.

सोमवारी सकाळी सर्जनच्या ऑफिसला फोन करून पहिली मिळेल ती तारीख घेतली. यांना विचारलं नाही. चहा पुढ्यात ठेवताना फक्त सांगितली. ती सीझन संपायच्या बरीच आधीची होती. मला वाटलं, आता मॅचचं काहीतरी निघणार. यांनी कप बाजूला सारला.

"भूल दिल्यावर जाग आलीच नाही तर?" हे म्हणाले. "मला भीती वाटते गं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. माझा राग गेला नाही, पण मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

"मलाही वाटते," मी म्हणाले. "तारीख बदलणार नाही."